हॉट प्रेसमधल्या नऊ वाट्या

हॉट प्रेसचं दार उघडलं की उबदार टॉवेलांचा वास येतो आणि त्याच्यामागून, अगदी पुसट, आंबटसर दुधाचा. हा दुसरा वास माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. नवरा म्हणतो, फळी तीनदा घासली आहे, वास आता तुझ्या डोक्यात आहे. असेल. इकडे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याची तांब्याची टाकी ज्या कपाटात उभी असते, तो हॉट प्रेस. टाकीच्या वर लाकडी पट्ट्यांची फळी, तिच्यावर टॉवेल आणि चादरी. आमच्या ल्यूकन गावात जुलैतही स्वेटर सुटत नाही, पण या एवढ्याशा कपाटात बारा महिने आपल्याकडचा फाल्गुन नांदत असतो. आज सकाळी टॉवेल काढताना पट्टीच्या खिळ्याला अडकलेला लाल दोऱ्याचा तुकडा हाताला लागला आणि मी कामाची घाई विसरून दार धरून तशीच उभी राहिले.

हा दोरा ज्या उन्हाळ्यातला, तो उन्हाळा माझा फार वाईट जायचा होता. आठ वर्षं घर सांभाळल्यावर छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यापीठात नाव घातलं होतं आणि गणिताच्या पेपरात सपशेल आपटले होते. ऑगस्टमध्ये पुन्हा बसायचं. तेव्हाही नापास झाले तर कोर्स संपला आणि मी परत पोळ्या लाटायला मोकळी. नवऱ्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका चलाचं कॅल्क्युलस मला जमायचं. फिरत्या बिंदूचा वेग कुठल्या दिशेला असतो, हेही बसने शिकवलं होतं. गोल चौकात बस वळते आणि मांडीवरची पिशवी सरळ निघून जाते, ती दिशा. पण दोन चलं एकदम आली, पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि लेव्हल कर्व्ह सुरू झाले, की माझी पाटी कोरी. मी व्याख्या पाठ करत होते. पाठ केलेल्या व्याख्या घेऊनच मी पहिल्यांदा नापास झाले होते, एवढं मात्र लक्षात येत नव्हतं.

त्यातच वर्ध्याजवळच्या गावाहून सासूबाई दोन महिन्यांसाठी आल्या. इथल्या दुकानातलं दही त्यांनी बोटाने चाखलं आणि डबा बाजूला सारला. ‘हे दही नाई, खळ होय,’ म्हणाल्या. झालं. दुसऱ्या दिवसापासून विरजणाची वाटी घरभर हिंडू लागली. ओव्हनच्या दिव्याखाली, नवऱ्याच्या लोकरी टोपीत, खिडकीतल्या दहा मिनिटांच्या उन्हात. शेवटी त्यांना हॉट प्रेस सापडला. टाकी कोमट वाटली म्हणून त्यांनी शेजारचं इमर्शनचं, म्हणजे टाकीतलं पाणी विजेवर तापवणाऱ्या हीटरचं, बटण दाबलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. चहाला आलेल्या आयरिश शेजारीणबाईंना हे कळलं, तशा त्या कप खाली ठेवून स्वतः जिना चढून बटण बंद करून आल्या. एवढी वीज जाळली म्हणून आमच्या आईने आम्हाला घराबाहेर काढलं असतं, असं त्यांनी पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण आई कुठलीही असो, तिचा धाक त्यांना बरोबर समजला.

दही मात्र कधी लागे, कधी नाही. कारण आज दूध बदललं, तर त्याच दिवशी विरजणही वाढवलं आणि वाटीची जागाही हलवली. एकदा वैतागून मी म्हटलं, ‘आई, एका वेळी एकच गोष्ट बदला. बाकी सगळं जिथल्या तिथे राहू द्या. नाहीतर कशामुळे काय झालं, कळणार कसं?’ तोऱ्यात येऊन पुस्तक उघडलं, तर पार्शल डेरिव्हेटिव्हच्या पानावर नेमकं तेच लिहिलेलं. दोन आठवडे मी ते वाक्य घोकत होते. मला माझंच हसू आलं.

सासूबाईंनी माझं म्हणणं शब्दशः घेतलं. चारच दिवसांनी सकाळी त्यांनी मला वरून हाक मारली. टॉवेल खाली जमिनीवर आणि फळीवर नऊ वाट्या. सगळ्यांत एकच दूध, एकसारखं विरजण. बदलली होती ती फक्त जागा. आणि वाट्यांमधून त्यांनी पूजेच्या लाल दोऱ्याचे वेगवेगळे तुकडे फिरवले होते.

‘हे पाह्य,’ त्या म्हणाल्या. ‘या दोऱ्यावरच्या वाट्या सारख्या लागल्या. त्या दुसऱ्या दोऱ्यावरच्या अर्ध्याच. पन दोरे एकमेकांले कुठंच कापत नाईत.’

कापतील कसे? एकच वाटी एकाच वेळी घट्ट आणि पातळ असायची नाही. लेव्हल कर्व्ह, म्हणजे सारख्या मूल्याच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषा, एकमेकांना छेदत नाहीत, हे मी वहीत पाच वेळा लिहिलं होतं. दिसलं त्या दिवशी. मी विचारलं, लवकरात लवकर उबेकडे जायचं तर वाटी कुठे सरकवायची? त्यांनी बोट फिरवलं. ‘दोऱ्यावरून गेलं तं तेवढंच राह्यते. दोरा सरळ आडवा ओलांडला तं लवकर गरम लागते.’ पुस्तकाने याला ग्रेडियंट म्हटलं होतं आणि मला रडवलं होतं.

मग तिथेच, जिन्याच्या वरच्या पायरीवर, टॉवेलांच्या ढिगाशेजारी बसून मी त्यांना नापास झाल्याचं सांगून टाकलं. त्या जराही दचकल्या नाहीत.

‘मी बी झाली होती. मॅट्रिकले, गनितातच. बाबा म्हनाले, झालं तेवढं पुरे. दुसऱ्यांदा बसूच देल्लं नाई.’ त्यांनी एक वाटी उचलून कलती करून पाहिली. ‘तुले बसता येते, तं बस.’

त्यानंतर स्वयंपाकघरात मला मज्जाव झाला. मी दिवसभर जे शिकेन, ते चहाच्या वेळी त्यांना समजावून सांगायचं, असा दंडक पडला. त्यांना समजलं नाही, तर ते मलाही समजलेलं नाही, असं खुशाल धरून चालायचं. त्या अंदाजाने मला एकदाही फसवलं नाही.

मी पास झाले. निकाल लागला तेव्हा त्या गावी परतल्या होत्या. फोनवर बातमी ऐकून त्यांनी पहिलं विचारलं ते, सवाल काय आला होता. आणि तो पाठव म्हणाल्या. मधोमध तापलेल्या पत्र्याचा प्रश्न होता: सारख्या तापमानाच्या लांबट रेषा काढा आणि कडेच्या एका बिंदूपासून सर्वांत लवकर गरम होत जाण्याची दिशा बाणाने दाखवा. मी तो मराठीत उतरवून पाठवला. आठवडाभर सामसूम. मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाचा फोटो आला. एकात एक तीन लंबगोल आणि एक बाण. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, तपासून सांग.

परीक्षेत माझा बाण पत्र्याच्या मध्याकडे गेला होता आणि तिथेच माझे गुण कापले गेले होते. सासूबाईंचा बाण मध्याच्या फंदात पडला नव्हता. तो रेषेला काटकोनात, सरळ आडवा ओलांडून गेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही, कारण घरात कुणी नव्हतंच. मी फोटो छापून घेतला, लाल पेनाने दहापैकी दहा दिले, खाली ‘उत्तीर्ण’ लिहिलं आणि परत पाठवला.

लगेच फोन वाजला. सासू म्हणून तर मार्क देल्ले नाईत न, असं त्यांनी दरडावून विचारलं. याच प्रश्नात माझे गुण गेलेत, मी म्हटलं.

‘मंग बसली न मी दुसऱ्यांदा,’ त्या म्हणाल्या.

त्या मॅट्रिकला पन्नासांहून जास्त वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांचं आडनाव बदललं, गाव बदललं, केस पांढरे झाले, नातवंडं झाली. बदलायचा राहिला होता तो निकाल.