चारच्या आकड्यापुढे

मुलं त्यांना तारीखबाई म्हणत, आणि हे बाईंना ठाऊक होतं. अठ्ठावीस वर्षं एकाच शाळेत काढल्यावर माणसाला आपलं टोपणनाव ठाऊक नसेल, तर त्याने कान घरी ठेवून नोकरी केली म्हणायची. नाव खोटंही नव्हतं. कुठलाही राजा वर्गात आला की आधी त्याचं साल यायचं, मग तो. तह, लढाया, राज्याभिषेक, सगळं बाईंच्या तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी महिन्यासकट सांगतील. अडचण एवढीच की झोपलेला असायचा तो वर्ग.

त्यात मुलांचा दोष म्हणावा तर तोही नाही. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, बाकांवर आडवं पडलेलं पिवळं ऊन, पंख्याची एकसुरी घरघर आणि त्याहून एकसुरी बाईंचा आवाज. शिकवता शिकवता बाईंचंच मन कुठेतरी तरंगायला लागायचं. तोंड आपलं साल सांगतंय आणि डोळे खिडकीबाहेरच्या झाडावर. कधी कधी त्यांना वाटायचं, आपण तळ्याच्या काठावर उभ्या आहोत आणि पाण्याखालच्या माणसांना हाका मारतोय. माणसं स्पष्ट दिसतात, वर मात्र कोणीच बघत नाही. मग घंटा व्हायची आणि पाण्याखालची माणसं दप्तरं घेऊन पळायची.

पहिल्या सत्राचा निकाल लागला तेव्हा मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. वयाने त्या बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान. "बाई, मला तुमच्याबद्दल फार आदर आहे," अशी त्यांनी सुरुवात केली. कोणी असं बोलायला लागलं की समजावं, पुढ्यात काहीतरी वाढून ठेवलंय.

"नववीचा निकाल तुम्ही बघितलाच आहे. नववी नवीन सरांकडे द्यावी म्हणतेय. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. शांत काम आहे."

"शांत तर माझा वर्गही असतो," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "संग्रहालयात शिक्षकांसाठी कार्यशाळा आहे. चार शनिवार. तुम्ही जाऊन या. त्यानंतर मी तुमचा एक तास बघते. मुलं जागी दिसली तर नववी तुमचीच. नाहीतर मग मला काही बोलू नका."

घरी यजमानांना सांगितलं तर ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "बरं झालं की. घसा तरी वाचेल." बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या. नववी गेली तर आपल्यात उरतं काय, हे त्या माणसाला कुठल्या शब्दांत सांगायचं? पुस्तकांची पाठ पुसत बसणं वाईट नाही, पण बाईंना समोर चौदा वर्षांची मुलं हवी होती. झोपलेली का होईना.

संग्रहालयातून आलेल्या पत्राचा मथळा होता, 'वर्गात लोकप्रिय संस्कृतीचा वापर'. पहिल्या शनिवारी बाईंच्या शेजारी बसलेले एक गणिताचे सर, जे प्रमाणपत्रासाठी आलो असं उघडपणे सांगत होते, ते म्हणाले, "म्हणजे पिक्चर, गाणी आणि मालिका. मग सरळ तसं लिहायला यांना काय होतं?"

शिकवायला होते संग्रहालयातलेच एक उंच, किडकिडीत गृहस्थ. ते कशालाही हात लावण्याआधी "हळू, हळू" म्हणायचे, अगदी खुर्चीलासुद्धा. त्यामुळे दुसऱ्या शनिवारपर्यंत शिक्षकांनी त्यांचं हळूसर करून टाकलं. दुसऱ्यांना नावं ठेवण्यात शिक्षक मुलांना हार जाणारे नव्हेत.

त्यांची एक रीत होती. राखाडी कापडावर एक वस्तू ठेवायची. सिनेमाचं जाहिरातचित्र, च्युइंगगमसोबत मिळणारी खेळाडूंची चित्रं, एखादं फाटकं चित्रकथेचं पुस्तक, काहीही. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग फक्त दिसतं ते सांगायचं, माहीत आहे ते नाही. मग ही वस्तू कोणी वापरली असेल ते ओळखायचं. सगळ्यात शेवटी पेन्सिलीने तिची चिठ्ठी लिहायची, संग्रहालयात काचेखाली असते तशी. आणि एक नियम हळूसर दर शनिवारी सांगायचे, "वस्तूबद्दल सांगू शकेल असं माणूस हयात असेल, तर अंदाज बांधत बसायचं नाही. जाऊन विचारायचं."

बाईंना नियमांपेक्षा तिथवर जाणंच आवडायला लागलं. कार्यशाळेची खोली अगदी टोकाला. आधी एक लांबलचक दालन लागायचं, लाकडी जमिनीचं, पावलागणिक कुरकुरणारं. दोन्ही बाजूंना काचेमागे दुकानांच्या जुन्या पाट्या, रेडिओ, किल्लीची खेळणी, पत्र्याच्या शाळेच्या पेट्या. उंच झरोक्यांतून उजेड खाली यायचा तोही दमून, धुळीत रेंगाळत. बाई चालता चालता थांबायच्या. एका पेटीच्या झाकणावर आतून गुणाकाराचा तक्ता चिकटवलेला होता आणि बाराच्या पाढ्यापाशी कोणीतरी बोटाने भोक पाडलं होतं. कोणाचं असेल ते बोट? बाई उभ्या राहायच्या आणि ते बोट त्यांना दिसायलाही लागायचं, शाईचं, नख कुरतडलेलं. पहारेकरी शेवटी जवळ येऊन म्हणायचा, "बाई, तुमचा वर्ग पलीकडे आहे. इथे सगळे पास झालेत."

चौथा शनिवार झाला आणि तासाचा शुक्रवार आला. बाईंनी घरातलं कपाट उपसून एक वस्तू निवडली होती, गाण्यांची कॅसेट. लोकप्रिय म्हणजे गाणी, आणि गाणी म्हणजे कॅसेट, इतका सरळ हिशेब. मुलं बघताक्षणी उसळतील, कोणी गुणगुणायलाही लागेल, असं त्या मनाशी रंगवत होत्या. जगातली लोकप्रिय गोष्ट आपल्या तरुणपणाशी येऊन थांबली आणि तिथेच बसून राहिली, अशी आपली समजूत आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. इतिहासाची बाई, आणि मधली पस्तीस वर्षं मोजायला विसरली.

मुख्याध्यापिका पाहणीचा फॉर्म घेऊन मागच्या बाकावर बसल्या. बाईंनी राखाडी कापड पसरलं, कॅसेट ठेवली, मुलांना भोवती बोलावलं. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही म्हणाल्या. कोणी बोललं नाही. सहाव्या मिनिटाला पहिल्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला, "बाई, पण हे आहे काय?"

एक जण म्हणाला, जुना चार्जर. दुसरा म्हणाला, कापड मोजायची पट्टी, आत गुंडाळलेली. एकीने मालिकेत पाहिलं होतं, ती म्हणाली, "यात गाणी असतात, पण ती कुठून येतात माहीत नाही." मागे मुख्याध्यापिकांचं पेन काहीतरी लिहीत होतं. झालं, गेली नववी, असं बाईंना वाटलं. त्या काही बोलायच्या आत मुलंच पुढे सरकली, कारण चार्जरवाल्याला खोटं पाडायचं होतं.

"डबीत कागद आहे."

"एका बाजूला निळी शाई, गोल अक्षर. दुसऱ्या बाजूला काळी, तिरकं. दोन माणसं आहेत."

"निळ्या अक्षरात आठ गाणी. काळ्यात तीनच. मग चार आकडा घातलाय आणि पुढे काहीच नाही."

ही तिसरी मुलगी खिडकीशी बसायची. वर्षभरात बाईंनी तिचा आवाज हजेरीशिवाय ऐकला नव्हता. ती कागदावर वाकून म्हणाली, "आकडा घातला म्हणजे लिहायचं होतं. नंतर लिहिलं नाही. भांडण झालं असेल, नाहीतर ते माणूस गेलं असेल."

"गेली नाही," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "ती माझी ताई आहे. निळं अक्षर माझं, काळं तिचं. तीन गाणी झाली की ती टेप बंद करायची. चौथं कुठलं ते मला माहीत नाही."

"मग त्यांना विचारा ना, बाई."

आईच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती रजा काढली, यावरून दोघी बहिणींत एकदा वाजलं होतं. तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. एखाद्या लग्नकार्यात समोरासमोर आल्या तर एकमेकींच्या साडीकडे बघून पुढे जायच्या. हे नववीला कसं सांगणार? त्यांनी एवढंच म्हटलं, "आमचं बोलणं नाही." चाळीस मुलांना हे लगेच समजलं. त्या वयात निम्म्या वर्गाचं उरलेल्या निम्म्याशी बोलणं नसतंच.

घंटा झाली. मुख्याध्यापिका उठून पुढे आल्या. फॉर्मवर अर्धं पान कोरं होतं. "फळ्यावर काही नाही, धडा कुठला तेही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "मुलं जागी होती, हे खरं. पण तास अर्धाच झाला, बाई. पुढच्या शुक्रवारी पुरा करा. चौथं काय होतं ते कळलं, की मी फॉर्म भरते."

रविवारी दुपारी यजमान घोरत असताना बाईंनी फोन लावला. नंबर पाठ होता. तोही तारखांसारखाच, कधी पुसला न गेलेला.

"हॅलो," पलीकडून ताई म्हणाली.

"मी बोलतेय. जरा शाळेचं काम होतं."

"अकरा वर्षांनी फोन केलास, तोही शाळेच्या कामाला. बोल."

बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. नववी, कॅसेट, काळी शाई, खिडकीशी बसणारी मुलगी. ताई हसायला लागली.

"चौथं गाणं नाहीच. चौथी तू आहेस. तेव्हा तू भिंतीला शिकवायचीस, आठवतं? उशा मांडून, हातात फूटपट्टी घेऊन. एक दिवस मी गुपचूप बटण दाबलं. नाव लिहिलं असतं तर तू ते रेकॉर्डिंगच पुसून टाकलं असतंस, म्हणून नुसता आकडा घातला. तुझ्या लग्नात वाजवणार होते. गडबडीत राहून गेलं. मग राहूनच गेलं बघ."

"माझ्याकडे वाजवायला काही नाही, ताई."

"माझ्याकडे आहे. अजून चालतो. धाकटे, शुक्रवारी कितीला तास आहे तुझा?"

शुक्रवारी ताई कापडी पिशवीत टेपरेकॉर्डर घेऊन थेट बसस्थानकावरून शाळेत आली. केस पार पांढरे झाले होते. दारातच बाईंना वाटलं, हिच्या गळ्यात पडावं. पण चाळीस पोरं बघत होती, म्हणून त्यांनी नुसती पिशवी हातात घेतली. जड होती. "आधी आपण दोघींनी ऐकू या का?" त्या पुटपुटल्या. आत काय निघेल याची त्यांना खरोखर भीती वाटत होती. चौदा वर्षांची आपण, आणि समोर मुख्याध्यापिका. पण आता वेळ नव्हता. ताई मागच्या बाकावर मुख्याध्यापिकांशेजारी जाऊन बसली.

तिसऱ्या गाण्याचं शेपूट वाजून गेलं. मग नुसती खरखर. मुलं इतकी पुढे झुकली होती की बाक करकरले. कुठेतरी भांडं पडलं, पस्तीस वर्षांपूर्वीच्या घरात, आणि बाईंच्या अंगावर काटा आला, कारण ते आईच्या हातून पडलं होतं. मग एक बारीक, ठसकेबाज आवाज आला.

"बसा रे सगळे. हं. तर राजा किल्ल्यात अडकलाय. बाहेर सगळीकडे शत्रू. आणि राजाला भीती वाटतेय. हो, राजाला पण वाटते. पण तो सांगणार कोणाला? सगळे तर त्याच्याकडेच बघतायत. मग त्याने काय केलं, तो आपला रात्री उठला आणि पहाऱ्यावरच्या माणसाशेजारी जाऊन बसला, आणि त्याला विचारलं, तुला भीती वाटते का रे?"

साल नव्हतं, महिना नव्हता. राजाचं नावही त्या मुलीने सांगितलं नव्हतं. बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. ही मुलगी कुठे गेली, कधी गेली, त्यांना काही केल्या आठवेना. तिची त्यांना इतकी आठवण आली की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. वर्गातलं ऊन तेच होतं, पंखा तोच होता. मधली वर्षं कोणीतरी हलकेच घडी घालून बाजूला ठेवल्यासारखी वाटत होती.

"पहारेकरी म्हणाला, वाटते. मग दोघं सकाळपर्यंत बोलत बसले. कळलं का सगळ्यांना?"

एवढं विचारून ती मुलगी थांबली. भिंत काही बोलत नसते, तरी उत्तरापुरती जागा तिने सोडली होती, पुरी पाच-सहा सेकंदांची. टेप नुसती फिरत राहिली.

"हो," नववीचा सगळा वर्ग म्हणाला. मागच्या बाकावरून मुख्याध्यापिकाही म्हणाल्या.