जीपला इंटरकूलर कोणी बसवला

लग्नात वडिलांनी मला भांडी दिली, कपाट दिलं आणि भावाच्या नाकावर टिच्चून आपली जुनी टर्बो डिझेल जीप दिली. "तिला चालवता येती, तुला नुसती धुता येती," असं त्यांनी भावाला मांडवातच ऐकवलं होतं. माहेरची तेवढी एकच वस्तू अशी होती, जिच्यासाठी मी कुणाशीही भांडले असते. आणि भांडलेच.

आम्ही पडेगावला राहायला आलो ते दुष्काळाचे दिवस होते. शहर दौलताबादच्या रस्त्यानं पश्चिमेला सरकत होतं. प्लॉट पडले, वसाहतींच्या कमानी उभ्या राहिल्या, कमानींवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागले, फक्त पाणी आलं नाही. आठवड्यातून एकदा टँकर यायचा. घरात आंघोळीला माणशी एक बादली असा कायदा होता. पिशोरला माहेरी त्याहून वाईट. विहीर कोरडी, आणि गावच्या टँकरचं पाणी आईच्या पोटाला सोसत नसे. म्हणून दर तीन आठवड्यांनी मी जीपमध्ये पिण्याच्या विकतच्या पाण्याचे पंधरा मोठे जार भरून पिशोरला न्यायची.

अडचण दौलताबादच्या घाटाची होती. एवढं ओझं आणि वरून ते ऊन. अर्ध्या घाटात जीप धापा टाकायची, मागून काळा धूर सोडायची. दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्यांदा नवरा म्हणाला, "विकून टाकू. लहानशी पेट्रोल गाडी घेऊ." शिळी भाजी टाकून द्यावी इतक्या सहज बोलला. बरीच वादावादी झाल्यावर ठरलं, की पुढच्या खेपेला घाट एका दमात चढली तर जीप राहील, नाही तर जाईल.

जीपचं दुखणं मला ठाऊक होतं. मी वाळूजला एका कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळायची. हवा दाबली की तापते आणि तापली की विरळ होते, यावरच माझं पोट चालत होतं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. ती हवा वाटेत गार करायला इंटरकूलर लागतो, तो आमच्या जुन्या जीपला नव्हताच. दिसायला तो रेडिएटरसारखा, पण आत पाणी नाही, नुसती हवा. समोरून वारा लागला की ती निवते. बस्स, एवढंच.

हे एवढंच मी गॅरेजवाल्याला सांगायला गेले. त्यानं माझं बोलणं अर्ध्यावर तोडलं. "भाभी, ये तुमारे बस का नै. साब कू भेज दो, मैं उनको समझाता."

साब म्हणजे माझा नवरा. तो बँकेत आहे आणि जीपचं बॉनेट कुठून उघडतं हे त्याला आजही माहीत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात जोडून सांगते, त्या क्षणापर्यंत मी हे काम पैसे देऊन करून घेणार होते. गॅरेजच्या पायरीवर ठरवलं, की घरी बसवीन आणि स्वतःच्या हातानं बसवीन.

भंगार बाजारात एका छोट्या ट्रकचा इंटरकूलर मिळाला. भाव मी केला, जाळी दाबून मी पाहिली, आणि दुकानदारानं तो उचलून नवऱ्याच्या हातात दिला. "साहेब, बघून घ्या बरं नीट." साहेबांनी आरसा धरावा तसा तो समोर धरून पाहिला आणि मान डोलावली. मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

दोन रविवार काम चाललं. अंगणात जीपची पुढची जाळी काढून ठेवली. हॉर्न मध्ये येत होता, तो बाजूला सरकवला. पुठ्ठा कापून माप घेतलं, रॅकच्या खाचा असलेल्या लोखंडी पट्ट्या कापून त्यांचे टेकू केले. जुन्या इंटरकूलरच्या पोटात तेल साचलेलं होतं, ते रॉकेलनं तीनदा खळबळून काढलं. मग टर्बोकडून एक पाइप आणि इंजिनाकडं एक पाइप, जोडावर रबरी नळी, नळीवर क्लिपा. ऐकायला सोपं वाटतं, पण एकेक क्लिप आवळायला हात अशा जागी घालावा लागतो की देवानं तिसरं कोपर द्यायला हवं होतं.

आणि आल्या-गेल्या प्रत्येकानं फाटकाशी थांबून नवऱ्याला विचारलं. तो चहाचा कप घेऊन ओट्यावर उभा, मी गाडीखाली, माझे पाय बाहेर. "साहेब, काय काम काढलं?" "इंटरकूलर बसवतोय," असं तो ऐटीत सांगायचा. एकानं तर माझ्या पायांकडं बघत विचारलं, "कारागीर चांगला भेटला का?" नवरा हसला. 'माझी बायको आहे' एवढं बोलायला काय जड होतं? रात्री विचारलं तर म्हणाला, "अगं, लोकांना कशाला सांगायचं सगळं?"

सासरे दोन्ही रविवार ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. तहसील कचेरीतले निवृत्त कारकून, आयुष्यभर टाकाखेरीज हत्यार हातात धरलं नाही. पेपर समोर, नजर पेपरावरून माझ्याकडं. त्यांना हे सुनेचं ग्रीस, हे अंगणातलं लोळणं पसंत नसणार, असं मी धरून चालले होते. दुसऱ्या रविवारी पाना निसटला, बोटाची साल गेली, त्याच वेळी त्यांची चप्पल माझ्या डोक्याशी येऊन थांबली.

"सूनबाई, हे गार कशानं राहतं?"

"आता नको, मामंजी," मी दात आवळून म्हणाले. चप्पल थोडा वेळ तिथंच राहिली, मग परत गेली.

शेवटी पायपंपानं हवा भरून जोडांवर साबणाचा फेस लावून पाहिला. त्यासाठी माझ्या बादलीतलं तांब्याभर पाणी काढलं. कुठं बुडबुडा नाही. मी जाळी बसवली, हात धुतले आणि मनातल्या मनात त्या गॅरेजवाल्याला सांगून टाकलं की बघ, भाभीनं बसवला.

पुढच्या रविवारी सकाळी निघालो. सासरेही आले, त्यांना व्याह्यांना भेटायचं होतं. आंघोळीशिवाय चहाचा घोट न घेणारा माणूस, त्या दिवशी नुसते हातपाय धुऊन गाडीत बसला. उद्या टँकर आहे, पाणी जपत असतील, असं वाटलं. मी चाक हातात घेतलं.

शरणापूरपर्यंत जीप अशी पळाली की नवऱ्यानंसुद्धा मान डोलावली. किल्ल्याचा दरवाजा ओलांडला, चढण लागली, दोन वळणं झाली, आणि तोच जुना धूर. तापमानाचा काटा वर सरकला. मी गाडी बाजूला घेतली. नवऱ्यानं नुसतं घड्याळ पाहिलं. ते बोलण्याहून वाईट होतं. मोटारसायकलवरचे दोघं थांबले आणि अर्थातच त्याच्या खिडकीशी वाकले. "साहेब, काय झालं?"

मी बॉनेट उघडलं. जाळी आणि इंटरकूलर यांच्या मध्ये एक गोणपाट ताणून बांधलेलं होतं. चारी कोपऱ्यांना जुन्या धोतराच्या काठाच्या नाड्या, प्रत्येक नाडीला नीट दुहेरी गाठ. वाऱ्यानं वाळून ते इंटरकूलरला पापडासारखं चिकटलं होतं. वाऱ्याचा कण आत जात नव्हता, ना इंटरकूलरला, ना रेडिएटरला.

"हे कुणी केलं?" मी एवढ्या जोरात विचारलं की मोटारसायकलवाले मागं सरले.

सासरे हळूच खाली उतरले. "मी. पहाटे बांधलं. माठाला आपण ओलं गोणपाट गुंडाळतोच ना. एवढ्या उन्हात ते गार राहील म्हटलं. पूर्ण बादली घातली त्याच्यावर."

त्यांची बादली. त्यांच्या आंघोळीची. ते कळलं, पण राग आधी तोंडाबाहेर पडला होता. "मामंजी, मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं," ते म्हणाले.

मला ती चप्पल आठवली. दोन रविवार अख्ख्या वसाहतीनं नवऱ्याला विचारलं, म्हणून मी जळत होते. मला, माझं नाव घेऊन नाही तरी नात्यानं हाक मारून, एकाच माणसानं विचारलं होतं, आणि त्याला मी हाकलून दिलं होतं. माझा राग खरा होता, आजही आहे. पण तो भलत्याच माणसावर निघाला, याची लाज त्याहून खरी आहे.

मी गाठी सोडल्या. त्यांचा हात धरून जाळीसमोर नेला, आतून हवा कशी जाते, बाहेरून वारा कसा लागतो, सगळं सांगितलं. त्यांनी कागद तपासावा तसं एकेका नळीवर बोट ठेवून ऐकलं. मोटारसायकलवालेही ऐकत उभे राहिले.

काटा खाली आल्यावर नवरा म्हणाला, "पण ठरल्याप्रमाणे..."

"ही खेप धरायची नाही," सासरे म्हणाले. "कारकुनाच्या चुकीनं अर्ज बाद होत नसतो."

मी जीप वळवली, थेट किल्ल्याच्या दरवाजापर्यंत खाली गेले आणि तिथून पुन्हा निघाले. पंधरा जार, तीन माणसं. एकदाही थांबले नाही. थेट वर खुलताबादला पोहोचलो, आणि जीप विकायची गोष्ट त्यानंतर आमच्या घरात निघाली नाही.

पिशोरला वडील ओसरीवर वाटच बघत होते. मी जार उतरवायला लागले. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, घाटात लई दमली का गाडी?"

माझे स्वतःचे वडील. ज्यांनी मांडवात ते वाक्य म्हटलं होतं, ते. माझ्या हातातला जार तसाच राहिला.

बाजेवर टेकलेले सासरे म्हणाले, "त्याला कशाला विचारता, व्याही? गाडी हिनं केली, हिला विचारा." मग घडी केलेलं गोणपाट मांडीवर सारखं करत म्हणाले, "फक्त गाडीखाली असली की विचारू नका."

वडील माझ्याकडं वळले. "सांग बरं," म्हणाले. मी जार खाली ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला बसले.