काकांची आठ वर्षं

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत काका वाफेच्या इस्त्रीवर उभे असत. या देशात आम्ही सगळेच परके, पण काका सगळ्यांचे काका. आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. हा क्रम कोणी मोडला की त्यांचं डोकं फिरायचं. "शर्टालाही इज्जत असते," म्हणायचे. इथल्या भाषेतले 'हो', 'नाही' आणि 'गरम' एवढेच शब्द त्यांना यायचे. मला वाचता यायचं, म्हणून सगळे मला वकील म्हणत. मी त्यावर चांगलाच शेफारलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

इथे परदेशी माणसाच्याही पगारातून दरमहा पेन्शनची कपात होते. दहा वर्षं भरली की म्हातारपणी पेन्शन. त्याआधी देश सोडला तर भरलेल्यातले काही पैसे परत मागता येतात. आठ वर्षं झाली आणि काकांची आई अंथरुणाला खिळली. काका घरी निघाले. अर्ज मी भरला. "हक्काचे पैसे, सोडता कशाला?" असं वर ऐटीत म्हणालो. अर्जाची मागची बाजू बारीक अक्षरात होती आणि जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी ती वाचली नाही.

आई गेली. वर्षभराने काका परत आले, त्याच इस्त्रीवर. आणखी सात वर्षं गेली, गुडघे पार कामातून गेले, तेव्हा आम्ही दोघं पेन्शनच्या ऑफिसात गेलो. आठ आणि सात पंधरा, काका रस्ताभर खुशीत. सुनेला फोनवर सांगूनही टाकलं, "पुढच्या महिन्यात येतो, कायमचा."

खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. वर्षं सात. मग त्यांनी मी भरलेला जुना अर्ज काढून त्याची मागची बाजू दाखवली. पैसे परत घेतले तर ती वर्षं पुन्हा मोजली जाणार नाहीत. खाली माझी सही, हे सगळं अर्जदाराला वाचून दाखवल्याची.

"काय म्हणतात बाई?" काकांनी विचारलं.

"नियम बदललाय, काका. जुनी आठ वर्षं धरत नाहीत."

काका तडकले. "असं कसं? सांग त्यांना, या माणसाने सगळं वाचून मगच अर्ज भरला होता. न वाचता सही करणाऱ्यातला नाही हा. चांगलं ठणकावून सांग!"

बाई वाट बघत होत्या. "त्यांना समजलंय," मी इथल्या भाषेत म्हणालो. मुद्दाम आवाज चढवून म्हणालो, काकांना भांडण वाटावं म्हणून. बाई दचकल्या. माझी मलाच एवढी लाज वाटली की काकांकडे मान वळवता येईना.

बाहेर पायऱ्या उतरताना काकांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"जाऊ दे रे," ते म्हणाले. "माझ्यासाठी भांडलास, पुष्कळ झालं. तीनच वर्षं ना? राहीन उभा."