सत्यनारायण घातलेलं कचरा केंद्र

फिनेल आणि उदबत्तीचा वास एकत्र आला की मला आमच्या गल्लीचं कचरा केंद्र आठवतं. माझ्या खिडकीखालचा उकिरडा हलवा म्हणून मी वर्षभर खेटे घातले, तेव्हा कुठं ओढ्यापलीकडं शेड झाली, चकचकीत फरशी, ओल्या-सुक्याला वेगळे हौद. गल्लीनं हौसेनं तिथं सत्यनारायण घातला. दुसऱ्या दिवशी कचरा पुन्हा माझ्याच खिडकीखाली. शेजारच्या वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "भावजी, पूजा झालीया की तिथं. खरकटं कसं टाकायचं?" शेवटी वैतागून म्हटलं, आपणच सुरुवात करू. बादली घेऊन तरातरा गेलो, आत शिरलो आणि पायाला फरशी गार लागली, तेव्हा कळलं की चपला मी दारातच काढल्यात. मग हात काही उचलेना. बादली तशीच परत आणली. ती खिडकी आम्ही अजून उघडत नाही.