सत्तर किलोचा पतंग

धाकटे दीर मस्कतला हॉटेलात नोकरीला होते. दोन हजार सालानंतरच्या एका हिवाळ्यात ते सुट्टीवर विरारला आले तेव्हा त्यांच्या सामानात दोन पतंग होते. सासूबाईंना वाटलं, संक्रांतीचे असतील. दिरांनी त्यातला मोठा हॉलमध्ये उलगडला, तर त्याचं एक टोक सोफ्यावरून स्वयंपाकघरात पोचलं.

"हा धरायचा आणि समुद्रात फळीवर उभं राहायचं. वारा ओढून नेतो," दीर म्हणाले.

"कुठे नेतो?" सासूबाईंनी विचारलं.

तिकडे सुट्टीच्या दिवशी ते हे शिकले होते आणि आता त्यांना मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिकवायचं होतं. "पतंगाचा आकार वजनावर ठरतो. हलक्या माणसाला लहान, भारी माणसाला मोठा. दादा, तुझं वजन किती?"

"सत्तर," पेपरमधून मान वर न काढता हे म्हणाले.

हा आकडा मी लग्न ठरताना ऐकला होता. नंतर दरवर्षी त्यांच्या पँटी कमरेत आत घेताना तो मला आठवायचा. पण मी कधी विषय काढला नाही. काढला असता तर माझ्या वजनाची चौकशी झाली असती.

मोठा पतंग यांचा ठरला. वसईच्या बाजारातून लाइफ जॅकेट आणलं, तेही सत्तर किलोच्या मापाचं. घालून बसले की ते वर सरकायचं आणि यांचे कान झाकायचे. दीर म्हणाले, "दादा, हे सैल आहे."

"हवा खेळती राहते," हे म्हणाले.

पतंग कमरेला अडकवायच्या पट्ट्याला एक लाल मूठ होती. ती ओढली की पतंगातला जोर निघून जातो. काही बिनसलं की विचार न करता ती ओढायची, असं दिरांनी चारदा बजावलं. यांनी चहा पिता पिता ती ओढायचा सराव केला.

रविवारी दुपारी आम्ही अर्नाळ्याला गेलो. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तेव्हा पाण्यात गेलं की माणूस आतच जातो, म्हणून दुपारची वेळ. होड्या आणि बोंबील वाळवायच्या बांबूच्या मांडण्यांपासून लांबची जागा धरली. सासूबाईंनी पिशवीतून काथ्याची दोरी काढली. "कमरेला बांध. दुसरं टोक माझ्या हातात राहील."

"आई, दोरी अजिबात नको," दीर म्हणाले. "पतंगाने ओढलं तर तूही जाशील."

"मग तर मी हवीच ना सोबत."

त्यांची समजूत घालेपर्यंत वारा वाढला. दिरांनी लहान पतंग घ्यायला सुचवलं, पण हे मोठाच धरून बसले. पतंग वर चढला आणि हे पाण्याकडे जायच्या ऐवजी वाळूवरून किनाऱ्याला समांतर निघाले. आधी चालत, मग धावत, मग बसून. "लाल ओढ, लाल," ओरडत दीर मागे पळत होते. यांनी मूठ ओढली तेव्हा लांब धरलेल्या जागेचं लांबपण संपलेलं होतं. हे बोंबलांच्या मांडणीखाली बसले होते आणि अर्धे बोंबील यांच्या अंगावर होते.

मांडणीवाल्या मावशी आल्या. त्यांनी आधी बोंबील पाहिले, मग यांना. हातपाय शाबूत आहेत ना, हे दाबून बघितलं. "एवडा मोटा पतंग, आनि मानूस एवडासा. वजन किती रं याचा?"

"सत्तर," हे म्हणाले, पण हळू.

मावशींनी मासळी तोलायच्या काट्याकडे बोट केलं. हे जाऊन उभे राहिले. काटा चोपन्नावर थांबला.

मग सासूबाई म्हणाल्या, "ओल्या कपड्यांनी कमीच भरतं." यांचे कपडे कोरडे होते.

विस्कटलेले बोंबील आम्ही विकत घेतले. पुढच्या रविवारी यांच्यासाठी लहान पतंग आणि मापाचं जॅकेट, असं ठरलं. दीर माझ्याकडे वळले, "वहिनी, तुमचं वजन?"

काटा समोरच होता. "बासष्ट," मी म्हटलं. हे माझ्याकडे बघत राहिले.

त्या रविवारी वारा मऊ होता, म्हणून मोठा पतंग मला मिळाला. मी पंजाबी ड्रेसवर जॅकेट चढवलं आणि कमरेइतक्या पाण्यात उतरले. दुपारभर आपटून संध्याकाळी एकदा खरंच फळीवर उभी राहिले. पायाखालून पाणी मागे पळत होतं. मी हसले, पडले आणि नाकातोंडात खारं पाणी गेलं. वर आले तर हे किनाऱ्यावर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दीर मस्कतला परत गेले, पतंग आम्हाला ठेवून. आम्ही एकट्याने कधी उतरलो नाही. एक पाण्यात, एक वाळूत. आणि वारा जमिनीकडून असला की दोघंही वाळूतच. अशा दिवशी पतंग पिशवीतच ठेवताना हे जरा जास्तच खुशीत असायचे.