दहा दिवस खाणावळ बंद

माझ्या खाणावळीत जेवणारे सगळे मला मावशी म्हणायचे. माझं नाव त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं आणि अकरा वर्षांत कुणी विचारलंही नाही. क्रांती चौकाच्या मागं आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी ही खाणावळ चालवायचे. तीसेक मेंबर होते. बरेचसे कचेऱ्यांतले कारकून, एक मास्तर, उरलेली कॉलेजची पोरं. घरी जमीनजुमला असलेली, बसल्या जागी पाण्याचा तांब्या हातात मिळालेली माणसं. ताट पुढं आलं की घास घ्यायच्या आधीच यांचा चेहरा वाकडा व्हायचा. वांगं केलं तर पुन्हा वांगं का, आणि दोन दिवस नाही केलं तर वांगं का नाही. ताट उचलून मोरीपर्यंत नेतानासुद्धा यांना आपण उपकार करतोय असं वाटायचं.

त्यांत एक चिटणीस होता. म्हणजे नोकरीनं कारकूनच, पण आपल्या कचेरीतल्या कर्मचारी संघटनेचा चिटणीस. कामाचे तास, हक्काची रजा, साहेबांची मुजोरी यांवर तो जेवताना बोलायचा. चांगला बोलायचा. पोरं हात वाळेपर्यंत ऐकत बसायची आणि माझी पुढची पंगत खोळंबायची.

दसरा तोंडावर आला होता. चिटणीस सगळ्यांना हिशेब समजावत होता. गुरुवारी दसरा, शुक्रवारी एक किरकोळ रजा टाकायची, शनिवार दुसरा, पुढं रविवार. एका रजेत चार दिवस. मास्तर म्हणाले, वा. मी भाकरी वाढत होते. सहज विचारलं, "आणि मला किती असतात हो रजा?"

सगळे हसले. चिटणीस तर ठसका लागेपर्यंत हसला. मग पाणी पिऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही मालक. मालकाला कसली रजा? मालकाला रोजच सुट्टी."

मी मालक! पहाटे साडेचारला गॅस पेटवणारी, पिशव्या भरून मंडईतून पायी येणारी मालक. रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असायची, तशी ती सगळ्यांचीच असते. त्या संध्याकाळी मी आठवड्याची डाळ-ज्वारी निवडत बसायचे. दिवाळीत हे सगळे गावी जायचे, तेव्हा मी लोकांच्या चकल्या-अनारसे तळायचे. याला हा शहाणा सुट्टी म्हणत होता, आणि तेही माझीच भाकरी तोंडात ठेवून. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. तेव्हा माझी अक्कलही तेवढीच होती.

दिवाळी झाली, सगळे परतले आणि मी दारावर पुठ्ठा लावला. सोमवारपासून दहा दिवस खाणावळ बंद.

पहिल्या दिवशी त्यांना ती थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी विचारपूस सुरू झाली. कुणी आजारी आहे का? कुणी गेलं का? लग्न आहे का घरात? मी प्रत्येकाला सांगितलं, "काही नाही. सुट्टी घेतेय." ते काही त्यांच्या गळी उतरेना. घरात मयत झाली असती तर त्यांनी चेहरे पाडून दहा दिवस काढले असते. बाईनं आपल्या मनानं चूल बंद केली, हे मात्र त्यांना सोसेना.

शनिवारी रात्रीची पंगत उठल्यावर पाच जण राहिले आणि चिटणीसानं घसा खाकरला.

"मावशी, आम्ही सगळ्यांच्या वतीनं बोलतोय. तुम्ही आम्हाला आईच्या जागी. आई कुठं रजा घेते का?"

"तुमची आई गावी जाते का कधी माहेरी?"

"जाते की."

"मग त्या दिवसांत तुम्ही जेवत नव्हता?"

 मास्तर पुढं सरसावले. "अहो, पण आमच्या पोटाचं काय? निदान सकाळची पंगत तरी चालू ठेवा. अर्धी सुट्टी घ्या."

अर्धी सुट्टी! साहेबानं असं सुचवलं असतं तर या चिटणीसानं कचेरीच्या दारात घोषणा दिल्या असत्या. इथं तो मान डोलवत होता. मी म्हटलं, "तुमच्या कचेरीत रजेचा अर्ज नामंजूर झाला की तुम्ही काय करता?"

"आंदोलन करतो."

"मग करा बसून. मी निघाले."

आमच्या घरातही काही निराळं नव्हतं. आमचे हे सरकारी नोकरीत. किरकोळ, अर्जित, वैद्यकीय, सगळ्या रजा त्यांना तोंडपाठ. ते म्हणाले, "जा की, पण मी जेवायचं कुठं?" मी म्हटलं, तुम्हीही रजा काढा, दोघं जाऊ. त्यावर म्हणाले, रजा शिल्लक ठेवायचीय. कशासाठी, ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. सोमवारी सकाळी कपड्यांची पिशवी घेऊन ते हर्सूलला आपल्या बहिणीकडं जेवायला-राहायला गेले. दहा दिवस स्वतःच्या हातानं भात लावावा, असं त्या माणसाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

एकच बाई शहाणी निघाली. माझ्याकडं पोळ्या लाटायला यायची ती. तिचा नवरा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानात असायचा. दहा दिवस येऊ नको, पगार कापणार नाही, असं सांगितल्यावर तिनं लाटणं खाली ठेवलं. "लई बरं झालं," म्हणाली. "म्या लेकीकडं जाऊन येते." का, कशासाठी, काही विचारलं नाही. पिठाचे हात धुतले आणि निघाली.

मी जीपनं गंगापूरला धाकट्या बहिणीकडं गेले. तिचं घर खातंपितं, ऊस-कापसाचं. पहिले दोन दिवस मला उन्हात बाज टाकून दिली, चहा हातात आणून दिला. मी पडून राहिले. पहाटे साडेचारला जाग यायची, ती मी डोळे मिटून परतवून लावायचे.

तिसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या निमित्तानं मेव्हण्यांचे पाहुणे आले. बहीण माझ्या बाजेपाशी येऊन लाडात म्हणाली, "अक्का, पंधराच माणसं हायेत. तू तर रोज तीस जणांना जेवू घालतीस. तुला काय लागतंय?"

मी उठले. आजही मला त्या उठण्याची लाज वाटते. चिटणीसाला तोंडावर उत्तर देणारी मी, बहिणीनं अक्का म्हटल्याबरोबर पदर खोचून चुलीपुढं बसले. येसराची आमटी केली, पंचवीस-तीस भाकरी थापल्या. बहीण माजघरात पाहुण्या बायकांशी गप्पा मारत होती. जेवणं झाल्यावर मेव्हण्यांनी ढेकर दिली आणि मोठ्या मनानं म्हणाले, "आता दरसाल येत जा, अक्का. तेवढाच तुमच्या जिवाला आराम."

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मी परत निघाले. बहिणीला वाटलं, मला खाणावळीची काळजी लागली. वाटू दिलं.

घरी कुणी नव्हतं. पुठ्ठा जागेवर होता. मी मागच्या दारानं आत गेले, कडी लावली आणि संध्याकाळपर्यंत झोपले. उठल्यावर भूक लागली. चुलीकडं बघितलं आणि ठरवलं, आज मी कुणाच्या तरी हातचं विकत जेवणार. औरंगपुऱ्याकडं एका बाईची खाणावळ आहे हे ऐकून होते. कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेले, भिंतीकडेच्या बाकावर बसले. बायका तिथं जेवायला येत नसत, त्यामुळं दोघातिघांनी वळून पाहिलं.

ताट आलं. मेथीची भाजी करपलेली होती, वरण पातळ. मी मनातल्या मनात नावं ठेवायला लागले आणि लगेच ध्यानात आलं, की माझ्या मेंबरांसारखा माझाही चेहरा वाकडा झालाय. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. "मावशी, इकडं भाजी!"

मी मान वर केली. वाढणाऱ्या बाईनंही केली. चिटणीस ताट पुढं करून बसला होता. त्यानं मला पाहिलं.  त्याच्या शेजारी मास्तर, त्यापुढं कॉलेजची चार पोरं. सगळे करपलेली मेथी खात होते.

"मावशी, तुम्ही इथं?" चिटणीस कसाबसा म्हणाला.

"कोणती मावशी?" मी विचारलं. "मी की ह्या?"

त्यानं भराभरा जेवण उरकलं. पोटाचं काय, म्हणत होते ना? पोटाला चौथ्या दिवसापर्यंत दुसरी आई मिळालीसुद्धा होती.

सगळे गेल्यावर ती बाई माझ्यासमोर येऊन बसली. पन्नाशीची, घामानं निथळलेली. म्हणाली, "तुम्ही क्रांती चौकातल्या व्हय? तुमच्या लोकांनी जीव खाल्ला माझा. मीठ कमी, तेल जास्त."

"माझ्याकडं उलटं म्हणतात," मी म्हटलं. तिला हसू आलं.

"तुम्ही शेवटची सुट्टी कधी घेतली?" मी विचारलं.

तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. "बाळंतपणात. तो पोरगा आता मिसरूड फुटलेला हाय."

तिथंच आमचं ठरलं. दरसाल दिवाळीनंतर दहा दिवस मी बंद ठेवायचं आणि मेंबर तिच्याकडं पाठवायचे. माघात तिनं बंद ठेवायचं, तिचे माझ्याकडं. पुठ्ठ्यावर तेवढा पत्ता लिहायचा. कुणाची परवानगी नाही, कारण नाही.

उरलेले सहा दिवस मी घरीच होते. अकराव्या दिवशी खाणावळ उघडली तेव्हा सहा जण आले नाहीत. चिटणीस मात्र आला, काहीच घडलं नाही अशा थाटात. पहिल्या घासालाच म्हणाला, "वा, मावशी, आपल्या हाताची गोष्टच वेगळी." मी त्याच्या ताटात भाकरी टाकली आणि पुढं गेले. त्याच्याशी त्यानंतर मी कधी नीट बोलले नाही. त्याला ते जाणवलं असेल असंही मला वाटत नाही.

ती बाई पहिल्या माघात माहेरी गेली. आल्यावर मला म्हणाली, पहिले तीन दिवस नुसती रडले, का ते कळलं नाही. मग झोपले. मीही तेच केलं होतं, रडणं सोडून. पण आमच्या ह्यांनी, बहिणीनं, मेंबरांनी, सगळ्यांनी मला एकच विचारलं होतं, इतके दिवस घरी बसून केलं तरी काय? काही केलं नाही, हे उत्तर त्यांना पुरेना. शेवटी मी सांगायला लागले, की पोट बिघडलं होतं. तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.