खानावळीच्या जाहिरातीचा पाठपुरावा

अर्जलेखनाच्या व्यवसायात मी केस पांढरे केले आहेत. शाळा नववीत सुटली. परंतु माझ्या मसुद्यातील स्वल्पविराम हलवण्याचे धाडस वकिलांनीही क्वचितच केले. त्यामुळे वारज्यात खानावळ चालवणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने जाहिरातीबाबत माझा सल्ला विचारला, हे उचितच होते.

हिंजवडीला नोकरी करणारी मुले फोनवरून जेवण मागवू लागली आणि तिची बाके रिकामी पडत गेली. दिवाळीपर्यंत ती भरली नाहीत, तर खानावळ बंद करून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कामाला जायचे, असे तिने ठरवले होते. जाहिरातीचे काम एखाद्या एजन्सीला द्यावे, की सुटी कामे घेणाऱ्या दोघांना, हा प्रश्न होता. त्या दोघांपैकी एक फोटो काढणारी मुलगी आणि दुसरे फोनवर जाहिराती चालवणारे गृहस्थ.

माझा कौल एजन्सीला होता. "तिथे एक पत्ता आहे, एक शिक्का आहे. काम बिघडले तर नोटीस कोणाला पाठवायची, हा प्रश्न उरत नाही."

"दादा, मला जेवायला माणसं हवीत. प्रतिवादी नको."

तरीही मी तिला एजन्सीत नेले. तेथील साहेबांनी नमुन्याची जाहिरात दाखवली. ताटात पनीर होते.

"आमच्याकडे पनीर होत नाही," बहीण म्हणाली.

"सध्या हेच चालतं, मॅडम."

"मग तुम्हीच चालवा," म्हणून ती उठली.

काम त्या दोघांना मिळाले. मुलगी खानावळीत येऊन आधी जेवली, मग तिने पिठलं-भाकरीचे फोटो काढले. पुढे मात्र दिवस उलटत गेले आणि जाहिरात दिसेना. चौकशी केली तेव्हा कळले, की फोटो कोणी मागेल म्हणून मुलगी थांबली होती आणि कोणी पाठवेल म्हणून गृहस्थ. दोघेही आपापल्या कामात चोख. मधले काम कोणाचेच नव्हते.

लोक माझ्याकडे केवळ अक्षरासाठी येत नाहीत. कचेरीत कोणत्या खिडकीनंतर कोणती खिडकी, हे त्यांना ठाऊक नसते. एजन्सी पैसे घेते ते बहुधा याचेच. तिला नकार दिला म्हणून ते काम नाहीसे होत नाही; ते आपल्या अंगावर येते. माझा सल्ला योग्य होता, असे मी आजही मानतो. फक्त त्याचे कारण मी चुकीचे दिले होते.

बहिणीचे हात पहाटेपासून पिठात असत, म्हणून पाठपुरावा मी पत्करला. 'सदर छायाचित्रे अद्याप अप्राप्त आहेत,' असे मुलीला कळवले.

तिचा लगेच फोन आला. "काका, मेसेज वाचून मी उभीच राहिले!"

फोटो त्याच संध्याकाळी पोहोचले, आणि यथावकाश जाहिरातही झळकली.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी मी खानावळीत गेलो. माझे नेहमीचे बाक भरलेले होते.

"मग, दिवाळीनंतर बंद?" मी विचारले.

"बंद करायला वेळ कुठाय?" ती कढईवरून नजर न हटवता म्हणाली. "आणि मधे घुसू नकोस. रांगेत थांब."

मी थांबलो.